मधला गड्डा

डेझी दिसायला गरीब झाड आहे, पण ते लावायला माणूस निगरगट्ट लागतो. ज्याला झाडांचा कळवळा येतो त्यानं त्याच्या वाटेला जाऊ नये. दोन वर्षांत त्याचा गड्डा इतका फुगतो की कुंडीत पाणी शिरायला जागा उरत नाही. मग पावसाळा सरला की तो उपटायचा, माती झटकायची आणि सुरी घालून सरळ फोडायचा. कडेचे फुटवे कोवळे असतात, त्यांना ताजी पांढरी मुळं असतात, ते लावायचे. मधे उरतो तो जुना भाग, लाकूड झालेला. त्याच्यावर चार हिरवी पानं असतात, म्हणून नवख्याला तो जिवंत वाटतो. ती त्याची शेवटची पानं असतात. तो भाग फेकून द्यायचा असतो. हैदराबादला तारनाक्याच्या माझ्या घरी मी कित्येक वर्षं हेच करत आले आहे, आणि शेजारणी म्हणतात, "किती मायेनं झाडं वाढवता हो तुम्ही!" मी हसून सोडून देते. मायाळू बायकांच्या डेझी पहिल्या उन्हाळ्यातच जातात.

ही विद्या मला वडिलांकडून मिळाली, आणि त्यांच्याकडून मिळालेली हीच एक गोष्ट मी वापरते. आम्ही तेव्हा काचीगुड्याला स्टेशनच्या अलीकडे राहायचो. घर भाड्याचं, पण पुढेमागे अंगण होतं. वडील निजामी सरकारच्या महसुली कचेरीत होते. त्यांचं उर्दू अक्षर असं होतं की वरचे साहेब आपल्या पोरींच्या लग्नाच्या पत्रिका त्यांच्याकडून लिहून घ्यायचे. घरात मराठी बोलायचे, तीही हुकूम सोडण्यापुरती. सिकंदराबादच्या छावणीतला कुणी गोरा साहेब मायदेशी परत जाताना बंगल्यातल्या कुंड्या वाटून गेला, त्यातली एक वडिलांच्या हाती लागली. पांढऱ्या पाकळ्या, मधे पिवळं बटण. घरात सगळ्यांनी तिला डेझी म्हणायचं असा दंडक होता. आत्या मात्र विसरायची आणि पांढरी चामंती, म्हणजे शेवंती, म्हणायची.

"चामंती नव्हे, अक्का," वडील म्हणायचे. "चामंती बाजारात शेरानं मिळते."

हैदराबादचा उन्हाळा हे झाड सोसत नाही. होळी झाली की वडील सगळ्या कुंड्या पूर्वेच्या ओसरीत आणायचे, मातीवर पेंढा अंथरायचे, आणि ऊन उतरल्यावर झारीनं बुडाशी पाणी घालायचे. पानांवर पाणी उडालं तर त्याचं खापर आईवर फुटायचं. पावसाळ्यात गड्डा कुजू नये म्हणून कुंड्या विटांवर चढायच्या. कळ्यांवर मावा पडला तर तंबाखूचं पाणी. गोगलगाई वेचणं माझ्याकडे होतं. त्या मीठ घातलेल्या डब्यात टाकायच्या. फेस येऊन त्या विरघळेपर्यंत वडील डब्यात बघत राहायचे. मलाही ते बघायला आवडायचं, खोटं कशाला सांगू.

थंडीत फुलं यायची. ती देवाला वाहायची नाहीत, वेणीत माळायची नाहीत. खरा कार्यक्रम असायचा दिवाळीनंतर, गड्डे फोडण्याचा. वडील ओसरीवर जुनी चादर पसरून बसायचे आणि कुणाला जवळ येऊ द्यायचे नाहीत. कडेचे फुटवे ओल्या गोणपाटात गुंडाळून साहेबलोकांकडे जायचे. ज्याच्या हाती बढती त्याला ठसठशीत, ज्याच्या हाती नुसती बदली त्याला जरा बारीक. वडिलांना नोकरीत कधी धक्का लागला नाही तो अक्षरामुळे आणि या फुटव्यांमुळे. आणि मधला गड्डा, जो उकिरड्यावर टाकायचा असतो, तो ते आत्याला द्यायचे.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. नांदेडकडच्या एका खेड्यात दिलेली होती. दोन मुलं झाली, दोन्ही पाळण्यात असतानाच गेली. मग नवरा पटकीत गेला, आणि सासरच्यांनी तिला एका ट्रंकेसकट आमच्या दारात आणून सोडलं. आली त्या वर्षी तिनं भावाकडे एक रोप मागितलं. मागच्या अंगणात, तिच्या खोलीच्या दाराशी लावायला. भावानं तिला मधला गड्डा दिला. तिनं तो तुपाच्या रिकाम्या डब्यात लावला, तांदळाचं धुवण घातलं, दुपारी डब्यावर ओलं फडकं धरून बसली. पंधरवड्यात पानं तपकिरी झाली.

"अक्का, तुझ्या हाताला गुण नाही," वडील म्हणाले. तेव्हा ते हसत होते.

आमच्या लोकांत हाताला गुण असणं ही साधी गोष्ट नाही. कुणाच्या हातचं विरजण घट्ट लागतं, कुणाच्या हातचं लोणचं वर्ष काढतं, कुणी खोचलेली काडीसुद्धा जीव धरते. सगळं हातावर जातं. ज्या बाईच्या हाताला गुण नाही तिला घरात कामं पुष्कळ असतात, पण ती भांडी घासण्याची, जातं ओढण्याची, केर काढण्याची. आईनं त्याच उन्हाळ्यात लोणच्याची बरणी आत्यापासून उचलून वरच्या फळीवर ठेवली. मग विरजण काढून घेतलं. मग तुळशीला पाणी घालणं. पुढच्या वर्षी वडिलांनी पुन्हा मधला गड्डा दिला, तो पुन्हा मेला. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. फिर्यादी, साक्षीदार आणि न्यायाधीश तिन्ही वडीलच, आणि दरसाल नवा पुरावा हजर.

ती मूर्ख नव्हती. सासरच्या गावात तिनं बायकांची बाळंतपणं केली होती, आडवी आलेली मुलं फिरवून काढली होती. पण स्वतःची दोन मुलं आणि नवरा गेलेला, त्यामुळे हाताचं म्हणणं तिला आतून पटलेलं होतं. तरी दर दिवाळीनंतर ती डबा घासून माती भरून तयार ठेवायची. एक रोप जगू दे, म्हणजे आपण या घरात पुन्हा माणसांत येऊ, असं तिनं धरलं होतं. हे तिनं मला एकदा उघड सांगितलं, धान्य निवडताना, डोळे वर न करता. मला दया आली नाही. मला वाटलं, मग नीट लावत का नाही ही?

मग ते साल आलं. देश स्वतंत्र होऊन गेला होता आणि आम्ही नव्हतो. रस्त्यावर गणवेशातली पोरं भाले घेऊन कवायत करायची. काचीगुड्याच्या फलाटावर ट्रंका आणि वळकट्या यांच्या भिंती लागल्या. ओळखीची घरं एकेक करून कुलुपं लावून सोलापूरला, बेझवाड्याला, नागपूरला गेली. आईला दिवस गेले होते. तिचं माहेर सोलापूरचं, तिला बाळंतपणाला तिकडे जायचं होतं. आत्याही म्हणाली, "पाठव रे तिला. दिवस बरे नाहीत."

"कुंड्यांना कोण बघणार?" वडील म्हणाले. आणि मग जरा वेळानं, "शिवाय मी रजा मागितली की कचेरीत नाव लिहून ठेवतील." हे दुसरं कारण खरं असेल. पण पहिलं त्यांनी आधी सांगितलं, हे मी विसरलेली नाही.

हिंदुस्थानचं सैन्य आत शिरलं तेव्हा सगळं शहर कड्या लावून घरात बसलं. त्यातच आईच्या पोटात कळा सुरू झाल्या, आठवडे बाकी असताना. दाई नदीपलीकडे राहायची. तिला आणायला कोण जाणार, आणि ती येणार कशी? सकाळपासून आई ओरडत होती. आत्यानं पाणी तापवलं, जुनी लुगडी फाडली, सुरी निखाऱ्यावर धरून ठेवली, आणि सगळं उंबऱ्याशी आणून ती बाहेर थांबली. तिला आत यायचं नव्हतं असं नाही. वडिलांनी दारात उभं राहून सांगितलं होतं, "अक्का, तू सांग काय करायचं ते. हात लावू नकोस."

मी दहा वर्षांची होते. मला पाणी आत न्यायचं होतं, म्हणून मी सगळं पाहिलं. ज्या माणसानं आयुष्यात स्वतःच्या हातानं तांब्या भरून घेतला नव्हता तो गुडघ्यांवर बसून मूल काढत होता, आणि ज्या बाईनं गावभर मुलं काढली होती ती उंबऱ्याबाहेर दोन्ही हात पदरात गुंडाळून उभी होती.

"डोकं आलंय ना? नाळ बघ. मानेला आहे काय?"

"आहे. आहे, अक्का."

"बोट घाल खाली. डोक्यावरून काढ. ओढू नकोस, नक्को ओढूस, ढिली कर!"

"कुठं घालू? सरकते आहे."

"सर बाजूला, मला येऊ दे."

"तू हात लावू नकोस!"

मूल बाहेर आलं ते जांभळं. मुलगा होता. रडला नाही. आत्या बाहेरून ओरडत होती, उलटा धर, तोंडातलं काढ, पाठ चोळ, आणि वडील त्याला दोन्ही हातांवर धरून नुसते बघत बसले होते. कुंडी पडून फुटल्यावर बघायचे तसे. शेवटी आईच किंचाळली, "वन्संना द्या! द्या म्हणते ना वन्संना!" तेव्हा त्यांनी दिलं. आत्यानं बोटानं त्याचं तोंड मोकळं केलं, फुंकर घातली, पाठ चोळली, तळपायांवर चापट्या मारल्या. पुष्कळ वेळ. छाती एकदा हलल्यासारखी मला वाटली. आत्यालाही वाटली असावी, कारण ती थांबलीच नाही, वडिलांनी हात धरून थांबवेपर्यंत.

मग ते आईकडे वळून म्हणाले, "बघ. हात लागला आणि गेलं."

मी पुढं आयुष्यात पुष्कळ हलकट माणसं पाहिली, पण इतकं हलकट वाक्य ऐकलं नाही. आणि त्यातली भयंकर गोष्ट अशी की ते खोटं बोलत नव्हते. मधला गड्डा जगत नाही हे त्या घरात पक्कं माहीत असलेला हा माणूस, आणि त्याचाच स्वतःच्या थापेवर विश्वास बसला होता. दरसाल म्हणून म्हणून बसला. संध्याकाळी पलीकडच्या घरातल्या रेडिओनं सांगितलं की लढाई संपली, हैदराबाद शरण आलं. लोक गल्लीत आले, हसले, रडले. शेजारीण साखरेची वाटी घेऊन आमच्या दारात आली. तिला काही ठाऊक नव्हतं. वडिलांनी चिमूटभर साखर तोंडात टाकली आणि म्हणाले, "शुक्र आहे."

त्यानंतर आईनं आत्याचं पाणी तोडलं. तिच्या हातचा पेला घ्यायचा नाही, तिनं घडी घातलेलं लुगडं नेसायचं नाही. आधी आई आत्याला नुसती वापरून घ्यायची, आता तिच्यावर खार खाऊ लागली. आत्या भाकरी थापताना दिसली की आई चुलीपुढून उठून जायची आणि त्या दिवशी उपास काढायची. आत्यानं एकदाही उलटून उत्तर दिलं नाही. तिनं तो आरोप पुरता गिळला होता. हात जमिनीकडे सोडून चालायची, ते आपले नाहीतच अशी.

दिवाळी झाली. कचेरीत मद्रासकडचे, मुंबईकडचे नवे अधिकारी येऊन बसले होते. जुन्यांपैकी कुणाला ठेवायचं आणि कुणाला घरी धाडायचं याची चौकशी चालली होती. वडिलांच्या उर्दू अक्षराला आता कुणी विचारेना. नव्या साहेबाच्या बायकोला फुलांचा नाद आहे हे मात्र त्यांनी हुडकून काढलं, आणि साहेबाचा शिपाई संध्याकाळी रोपं न्यायला येणार असं ठरवून आले. नेमकी त्याच सकाळी कुंडी उचलताना त्यांची कंबर धरली. पलंगावर उताणे पडून त्यांनी मला बोलावलं.

"गड्डा तू फोड. सुरी मधे घालू नकोस, कडेनं घाल. कडेचे फुटवे साहेबांचे. मधलं लाकूड निघेल ते अक्काला दे."

माझ्या मनगटात तेवढं बळ नव्हतं. सुरी आत जाईना. मागच्या दारातून आत्या बघत होती. ती आली आणि कुंडीपासून हातभर अंतरावर थांबली. मीच म्हणाले, "धर ना जरा. तो कडेचा साहेबांचा, तो मोडायचा नाही. तुझं काय, तुझं मधलं लाकूड आहे."

तिनं गड्डा हातात घेतला. आयुष्यात पहिल्यांदा तो अख्खा तिच्या हातात आला होता. तिनं माती झटकली, कडेचा एक फुटवा बाजूला केला, त्याची पांढरी मुळं बघितली, मग मधला भाग उलटा करून बघितला. त्याला खाली मुळं नव्हतीच, काळे धागे होते. तिनं ते नखानं सोलले, आत कोरडं लाकूड होतं. ती उठली, आणि तो गड्डा तसाच हातात घेऊन वडिलांच्या खोलीत गेली. मी मागोमाग गेले. पांढऱ्या चादरीवर माती सांडत होती.

"दरसाल हाच दिलास मला?"

वडिलांनी मान वळवायचा प्रयत्न केला, ती वळेना. "काय झालं आता?"

"मेलेला आहे हा."

"अक्का, मधला कुणाला तरी द्यावाच लागतो."

"फेकून द्यायचास."

"तू मागितलंस म्हणून दिला. एका रोपाचं एवढं काय घेऊन बसलीस?"

आत्या उभीच राहिली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "मला रोप नको. तुझ्या बायकोला सांग. एवढंच सांग की अक्काच्या हाताला काही झालेलं नाही. ती ऐकेल असं मोठ्यानं सांग. तिचं मूल मी मारलं असं तिला वाटतं. मलाही वाटत होतं रे. दोन महिने मला वाटत होतं."

"सांगून ते परत येणार आहे काय?" वडील म्हणाले. आणि माझ्याकडे बघून, "फुटवे ओल्या गोणपाटात ठेवलेस ना? शिपाई येईल."

आई शेजारच्याच खोलीत होती. दार उघडं होतं. आत्यानं त्या दाराकडे एकदा बघितलं, आणि मागच्या अंगणात निघून गेली. संध्याकाळी शिपाई आला, फुटवे घेऊन गेला. वडिलांची नोकरी टिकली.

दोन वर्षांनी मला भाऊ झाला, तो आईनं सोलापूरला जाऊन आणला. आत्यानं त्याला कधी घेतलं नाही. घेऊ दिलं नाही हे खरं, पण पुढं तीच घेईना. एकदा तो अंगणात धावताना विटांवर आपटला, कपाळ फुटलं. आत्या तिथंच दोन पावलांवर होती. तिनं हात पाठीमागे घेतले आणि आम्हाला हाका मारत राहिली. आम्ही येईपर्यंत पोर रक्तात बसलं होतं, आणि तिच्याकडे बघून भोकाड पसरत होतं. आई त्याला उचलून म्हणाली, "बरं झालं, हात नाही लावला." राज्याचे तीन तुकडे झाले त्या सालात आत्या गेली. शेवटच्या आजारात तिला पाणी मी पाजायची. तिनं मला काही सांगितलं नाही, माफही केलं नाही कुणाला. मला त्यात तिचा मोठेपणा दिसतो.

वडील त्यानंतर पुष्कळ वर्षांनी गेले, झोपेत, सुखानं. आई माझ्याकडे तारनाक्याला राहायला आली. एका थंडीत मी अंगणात गड्डे फोडत बसले होते आणि ती खुर्चीवर ऊन खात होती. म्हातारी झाली होती, पण कान शाबूत. माझ्या मनात इतकी वर्षं साचलेलं होतं, ते मी काढलं.

"आई, बाबा आत्याला दरसाल हा मधला द्यायचे. हा कुणाच्याही हातानं जगत नाही."

"माहीत आहे."

"आत्या भांडली त्या दिवशी ऐकलंस तू?"

"त्याच्या आधीपासून माहीत आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा आधी मलाच द्यायचे. मेला की चारचौघांत म्हणायचे, हिच्या हाताला गुण नाही. मी एकदा उकरून बघितलं, तेव्हा कळलं. मग वन्सं आल्या, आणि माझ्यामागचं सुटलं."

"आणि तू बोलली नाहीस?"

"बोलले असते तर पुन्हा माझ्याच हातात आला असता."

"आणि त्या दिवशी? बाळाच्या वेळी?"

"ओरडले की. वन्संना द्या म्हणाले. ठाऊक होतं म्हणूनच म्हणाले ना. सकाळीच म्हणायला हवं होतं. पण सकाळी म्हटलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, तुला काय ठाऊक? मी आपली थांबले. वाटलं, निभेल."

मी संतापले. इतकी वर्षं वडिलांवर धरलेला राग कुठं ठेवायचा ते मला कळेना, म्हणून तिच्यावर ओरडले. "मग नंतर का छळलंस तिला? पाणी तोडलंस, पोराला शिवू दिलं नाहीस. तुला सगळं ठाऊक असून?"

आईनं शाल सारखी केली आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलं आहे.

"मग कुणाला छळायचं होतं?" ती म्हणाली. "घरात दुसरं होतं कोण?"